विश्लेषण : एकच संदेश, दोन टॉवर… जामखेडच्या डोंगराळ भागातील ‘रेंज’चा प्रश्न यातून सुटेल का?

मोबाइलवर रेंजच्या दोन-तीन रेघा दिसतात, पण शेतातून काढलेला पिकाचा फोटो काही ‘अपलोड’ होत नाही. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र अंगठा घेते आणि तिथेच थांबते. ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. डोंगरकडेच्या ग्रामीण तालुक्यांत हा रोजचा अनुभव आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेला जामखेड तालुकाही अशाच भूगोलाचा. दूरसंचार अभियंत्यांनी या अडचणीवर शोधलेला एक उपाय म्हणजे तीच माहिती एकाऐवजी दोन ठिकाणच्या अँटेनांमार्फत पुन्हा पाठवणे. ५जीच्या जागतिक मानकांमध्ये २०२२ पासून त्याची सविस्तर तरतूद आहे. हे तंत्र नेमके काय आहे, ते का चालते आणि जामखेडसारख्या ठिकाणी ते कुठे अडते, याचा आढावा.

रेंज दिसते, मग फोटो का जात नाही?

फोनवर दिसणाऱ्या रेघा टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल किती जोरदार आहे, एवढेच सांगतात. फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल तिथवर पोहोचतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. या दोन प्रवासांत मोठी तफावत आहे. टॉवरवरील अँटेना काही दहा वॅट शक्तीने बोलते. सर्वसाधारण मोबाइल फोनची कमाल शक्ती मात्र ०.२ वॅट, म्हणजे घरातल्या अर्ध्या वॅटच्या एलईडी झिरो बल्बच्या निम्म्याहूनही कमी असते. बॅटरी टिकावी आणि शरीराजवळ धरलेल्या उपकरणाचे उत्सर्जन मर्यादेत राहावे, म्हणून ही मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे गावाच्या कडेला, टेकडीआड किंवा दाट झाडीत फोनला टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला फोन ऐकू येत नाही.

दुसरी अडचण परवानगीची आहे. ४जी आणि ५जीमध्ये फोन मनाला येईल तेव्हा माहिती पाठवत नाही. ‘आता तुझी पाळी, या वेळेत, या लहरीवर पाठव’ असा छोटा निरोप आधी टॉवरकडून यावा लागतो. हा निरोप हुकला तर पाठवायची माहिती फोनमध्ये पडून राहते. फोटो तीन एमबीचा असेल तर त्याचे सुमारे दोन हजार तुकडे होतात. निरोप वारंवार हुकू लागले की अ‍ॅपची प्रतीक्षा संपते आणि पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी सूचना येते.

जामखेडमध्ये याला भूगोलाची भर पडते. बालाघाटच्या रांगा तालुक्याला खेटून आहेत. सीमेलगत बीड जिल्ह्यातील सौताडा येथे विंचरणा नदी दरीत कोसळते आणि पुढे जामखेडकडे येते. पठार, कडा आणि खोरे अशा रचनेत एका टॉवरची दृष्टी सर्वत्र पोहोचत नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वळू शकते. ५जीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ३३०० मेगाहर्ट्झची लहर मात्र अडथळ्यामागे लवकर क्षीण होते.

पुन्हा पाठवणे यात नवे काय?

बिनतारी संदेश हुकला की तो पुन्हा पाठवायचा, ही पद्धत जुनीच आहे. सध्याच्या नेटवर्कमध्येही टॉवरला तुकडा नीट मिळाला नाही तर तो पुन्हा मागवला जातो. आधी आलेला खराब तुकडाही फेकून दिला जात नाही. दोन्ही प्रती जुळवून मूळ मजकूर काढला जातो. एकाच कागदाच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्या असतील तर दोन्ही शेजारी ठेवून पूर्ण मजकूर वाचता येतो, तसेच हे आहे. प्रत्येक वेळी अगदी तेच अंक पाठवले जात नाहीत. मजकूर दुरुस्त करण्यासाठी जोडलेल्या जादा अंकांचा वेगवेगळा भाग पाठवला जातो, त्यामुळे जुळवणी अधिक सोपी होते.

मागणी येण्याची वाट न पाहता आधीच ठरावीक वेळा पाठवणे, हा याचा पुढचा टप्पा. मीटर, सेन्सर अशा छोट्या यंत्रांसाठी २०१६ मध्ये ठरलेल्या ‘एनबी-आयओटी’ या मानकात यंत्र एकच संदेश १२८ वेळा, तर टॉवर २०४८ वेळा पाठवू शकतो. तळघरातील मीटरपर्यंत पोहोचण्यासाठी हा मार्ग निवडला गेला. प्रत्येक वेळी प्रती दुप्पट केल्या की टॉवरला जुळवणीसाठी मिळणारी एकूण ऊर्जाही दुप्पट होते, एवढे साधे गणित त्यामागे आहे.

मात्र या गणिताला मर्यादा आहे. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये टेकडीच असेल तर चार वेळा पाठवलेला संदेश चारही वेळा त्याच टेकडीवर आपटतो. बसमधून प्रवास करणाऱ्याला पुढच्या क्षणी वेगळी जागा मिळते. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे नऊ सेंटिमीटर असते, त्यामुळे हातभर सरकल्यानेही फरक पडू शकतो. पण शेतात एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या किंवा खांबावर बसवलेल्या यंत्राच्या बाबतीत परिस्थिती बदलत नाही. तिथे पुन्हा पाठवण्यापेक्षा दुसरीकडे पाठवणे अधिक उपयोगी ठरते.

दोन ठिकाणांमुळे किती फरक पडतो?

समजण्यासाठी एक हिशेब करू. एका टॉवरकडे पाठवलेल्या शंभर संदेशांपैकी दहा हुकतात, असे मानू. दुसरा टॉवर वेगळ्या दिशेला आहे आणि तिथेही शंभरातले दहाच हुकतात. दोन्हीकडे हुकण्याची कारणे एकमेकांशी संबंधित नसतील, तर दोन्हीकडे एकाच वेळी हुकण्याची शक्यता दहा टक्क्यांची दहा टक्के, म्हणजे एक टक्का उरते. तिसरा टॉवर मिळाला तर हजारात एक.

या हिशेबातील महत्त्वाची अट ‘संबंधित नसतील तर’ ही आहे. दहापैकी पाच अपयशे अशा कारणाने होत असतील की ज्यात दोन्ही टॉवर एकदम बंद पडतात, उदाहरणार्थ दोन्हींची वीज एकाच वाहिनीवरून येते, तर दुसरा टॉवर उभारूनही अपयश पाच टक्क्यांखाली जात नाही. टॉवरांची संख्या वाढते, विश्वासार्हता तेवढी वाढत नाही. जामखेडबाबतची पुढची सारी चर्चा या एका अटीभोवती फिरते.

५जीच्या मानकांत काय तरतूद आहे?

मोबाइलची जागतिक मानके ‘थ्रीजीपीपी’ ही संघटना टप्प्याटप्प्याने जाहीर करते. प्रत्येक टप्प्याला ‘रिलीज’ म्हणतात. एकाच फोनशी एकाहून अधिक ठिकाणच्या अँटेनांनी एकत्र बोलण्याच्या तंत्राला तिथे ‘मल्टि-टीआरपी’ असे नाव आहे. दूरचित्रवाणीच्या टीआरपीशी त्याचा संबंध नाही. इथे टीआरपी म्हणजे संदेश पाठवण्याचे आणि घेण्याचे ठिकाण.

२०२० मधील रिलीज १६ मध्ये टॉवरकडून फोनकडे येणारी माहिती दोन ठिकाणांहून पाठवण्याची सोय झाली. २०२२ मधील रिलीज १७ मध्ये ती तीन बाबींपर्यंत वाढवण्यात आली : टॉवरने फोनला द्यायचा परवानगीचा निरोप, फोनने टॉवरला द्यायची पोचपावती आणि फोनने पाठवायची प्रत्यक्ष माहिती. फोन आपला संदेश आधी एका ठिकाणाकडे आणि मग दुसऱ्या ठिकाणाकडे, त्या त्या ठिकाणाला अनुरूप दिशा आणि शक्ती ठेवून पाठवतो. चार प्रती पाठवायच्या असतील तर पहिला-दुसरा-पहिला-दुसरा असा आळीपाळीचा क्रम ठेवता येतो किंवा पहिला-पहिला-दुसरा-दुसरा असा. आळीपाळीच्या क्रमात दुसरी वाट लवकर मिळते. दुसऱ्या क्रमात दिशा कमी वेळा बदलावी लागते.

परवानगीचा निरोप दोन ठिकाणांहून येतो, तेव्हा त्या दोन प्रती एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे फोनला आधीच सांगितलेले असते. त्यामुळे एक प्रत वाहनाआड किंवा झाडाआड हरवली तरी दुसरीवरून काम पुढे जाते. कारखान्यातील यंत्रमानव किंवा वीज वितरणातील संरक्षक यंत्रणा यांसाठी ५जीचे उद्दिष्ट एक लाखात ९९,९९९ संदेश वेळेत पोहोचवण्याचे आहे. दोन ठिकाणांचे तंत्र मुख्यतः त्या गरजेतून घडले.

मानकात असणे म्हणजे टॉवरवर सुरू असणे नव्हे. ही सुविधा ऐच्छिक आहे. टॉवरचे सॉफ्टवेअर आणि फोनमधील चिप या दोघांनीही ती स्वीकारलेली असावी लागते.

हा प्रयोग आधी झाला होता का?

झाला होता, आणि महाराष्ट्रातील लाखो लोकांच्या हातात तो होता. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉम यांच्या सीडीएमए फोनमध्ये एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाताना काही काळ दोन्ही टॉवर एकच संभाषण पाठवत असत. फोनमधील ‘रेक रिसीव्हर’ दोन्ही जुळवून घेई. दाताळ्याने विखुरलेले गवत गोळा करावे, तसे वेगवेगळ्या वेळी येणारे सिग्नल गोळा करणारा भाग म्हणून त्याला हे नाव पडले. उलट दिशेने फोनचा आवाज दोन्ही टॉवर ऐकत आणि त्यातली चांगली प्रत नियंत्रण केंद्र निवडत असे. जीएसएममध्ये मात्र आधीचा टॉवर सोडून मगच दुसरा पकडला जाई.

पुढे ४जीने हा मार्ग सोडला. वेग वाढवायचा तर एकच माहिती दोन टॉवरांवर खर्च करणे परवडत नव्हते. म्हणजे ५जीमधील तंत्र नव्या रूपात आले असले तरी कल्पना जुनी आहे, आणि तिची किंमतही जुनीच आहे. चार प्रती पाठवल्या की तेवढ्या वेळेत चौथा हिस्साच माहिती जाते. त्यामुळे व्हिडीओसाठी हा मार्ग उपयोगाचा नाही. मजकूर लहान आहे, पण तो हुकून चालणार नाही, अशा ठिकाणी तो उपयोगी आहे : इशारा, पोचपावती, ओटीपी, रुग्णवाहिकेतून पाठवलेला ईसीजी, पावसाची नोंद. पिकाच्या फोटोबाबत त्याचा फायदा अप्रत्यक्ष आहे. फोटो झपाट्याने जाणार नाही, पण परवानगीचे निरोप हुकणार नाहीत आणि जोडणी तुटणार नाही.

जामखेडमध्ये हे तंत्र कुठे अडते?

पहिला अडथळा अंतराचा. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. दोन टॉवर एकाच क्षणी बोलले आणि एक टॉवर जवळ, दुसरा दूर असला, तर त्यांचे सिग्नल वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. ५जीच्या प्रचलित रचनेत अशा विलंबासाठी सुमारे २.३ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा ठेवलेली असते. याचा अर्थ दोन टॉवरांपर्यंतच्या अंतरातील फरक सुमारे ७०० मीटरपेक्षा जास्त असेल तर एकाच वेळी आलेले सिग्नल एकमेकांना मदत करण्याऐवजी त्रास देऊ लागतात. शहरात, स्टेडियमवर किंवा कारखान्यात अँटेना काहीशे मीटरवर असतात. तिथे ही अट सहज पाळली जाते. ग्रामीण भागात टॉवर काही किलोमीटर दूर असतात.

आळीपाळीने पाठवल्यास ही अडचण कमी होते, पण संपत नाही. फोनचा संदेश टॉवरवर ठरल्या क्षणी पोहोचावा म्हणून फोन तो किंचित आधी पाठवतो. किती आधी, हे टॉवरपर्यंतच्या अंतरावर ठरते. रिलीज १७ मध्ये दोन्ही ठिकाणांसाठी हा आकडा एकच धरला होता. दोन ठिकाणांसाठी दोन वेगळे आकडे ठेवण्याची सोय २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या रिलीज १८ मध्ये आली. दूरदूरच्या टॉवरांचा विचार नियमावलीत उशिरा आला, तो असा.

दुसरा अडथळा टॉवरांना जोडणाऱ्या वाटेचा. दोन ठिकाणी पडलेल्या प्रती जुळवायच्या तर त्या एकत्र आल्या पाहिजेत, तेही मिलिसेकंदांच्या हिशेबात. त्यासाठी दोन्ही टॉवर फायबरने जोडलेले आणि त्यांची घड्याळे काटेकोर जुळलेली हवीत. अनेक ग्रामीण टॉवरांचा पुढचा दुवा मायक्रोवेव्ह डिशवर, म्हणजे पुन्हा बिनतारी असतो.

तिसरा अडथळा विजेचा. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी आणि सीना नदीच्या पुराने अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर या चारही जिल्ह्यांना तडाखा दिला. अशा वेळी वीज तासन्‌तास जाते, टॉवरची बॅटरी संपते, रस्ता बंद असेल तर डिझेल पोहोचत नाही आणि रस्त्याकडेचे फायबर वाहून जाऊ शकते. दोन टॉवर एकाच वीजवाहिनीवर आणि एकाच फायबरवर असतील, तर गरजेच्या नेमक्या क्षणी ते दोन राहत नाहीत, एकच होतात.

‘गावात नेटवर्क आहे’ आणि ‘नेटवर्क भरवशाचे आहे’ यात फरक काय?

सरकारी योजनांमध्ये मोजमाप आहे ते व्याप्तीचे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ४जी सॅच्युरेशन योजनेत २४,६८० वंचित गावांपर्यंत सेवा नेण्याचे २६,३१६ कोटी रुपयांचे उद्दिष्ट होते. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे लोकार्पण झाले, तेव्हा सुमारे ९७,५०० टॉवरांचा आकडा जाहीर झाला. या मोजमापात एका टॉवरचा सिग्नल पोहोचला की गाव ‘जोडलेले’ ठरते.

५जीच्या जागतिक चर्चेत भारताने मांडलेली भूमिकाही व्याप्तीचीच होती. भारतात ग्रामपंचायती काही किलोमीटर अंतरावर आहेत आणि फायबर तिथवर नेण्याची योजना आहे, तेव्हा ग्रामपंचायतीजवळच्या एका टॉवरने भोवतीची गावे सांभाळावीत, असा विचार टीएसडीएसआय या भारतीय मानक संस्थेने मांडला. त्यासाठी टॉवरांमधील अंतर सहा किलोमीटर धरून ग्रामीण चाचणी व्हावी, ही मागणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने मान्य केली. फोनचा दुबळा सिग्नल दूर पोहोचावा यासाठीच्या भारतीय सुधारणा ‘५जीआय’ या नावाने पुढे आल्या. आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रास येथील संशोधकांचा त्यात वाटा होता. पुढे त्या रिलीज १७ मध्ये सामावून घेण्यात आल्या.

म्हणजे एकाच रिलीजमध्ये दोन वेगळ्या गरजा शेजारी बसल्या आहेत. एक म्हणते, टॉवर विरळ आहेत, त्यामुळे एकाच टॉवरची हाक आणि कान दूरवर न्या. दुसरी म्हणते, टॉवर दाट आहेत, त्यामुळे दोघांकडून काम करून घ्या. जामखेड शहरात दुसरी शक्य आहे. बालाघाटच्या कडेच्या वस्तीला आज पहिलीचाच आधार आहे. पहिलीने रेंज मिळते, पण एक टॉवर बंद पडला की सर्व बंद पडते.

अनेक ठिकाणांहून संदेश देण्याचे तंत्र आज कुठे वापरात आहे?

सर्वांत मोठे उदाहरण आपत्तीच्या इशाऱ्याचे आहे. २०२३ मध्ये देशभर टप्प्याटप्प्याने झालेल्या चाचण्यांत मोबाइल अचानक मोठ्या आवाजात वाजले होते. त्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणेत निवडलेल्या भागातील सर्व टॉवर एकच इशारा एकाच वेळी सर्व फोनना देतात आणि ठरावीक वेळाने तो पुन्हा पाठवतात. प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्या टॉवरवरून आला तर फोन तो पुन्हा दाखवत नाही. इथे प्रती जुळवायच्या नसतात, पोचपावती लागत नाही, घड्याळांचा काटेकोरपणाही नको. एसएमएस एकेकाला जातो आणि गर्दीत अडकतो. हा इशारा अडकत नाही. सीनेकाठच्या गावांसाठी पुराच्या वेळी याचे मोल मोठे आहे.

दुसरे उदाहरण शेतातील सेन्सरचे. ‘लोरावॅन’ या पद्धतीत मातीतील ओलावा किंवा पाऊस मोजणारे यंत्र संदेश हवेत सोडते. तो ऐकणारी जेवढी केंद्रे परिसरात असतील ती सर्व तो पुढे पाठवतात आणि सर्व्हर जास्तीच्या प्रती काढून टाकतो. भारतात यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर परवान्याविना वापरता येते. टेकडीच्या दोन बाजूंना दोन केंद्रे ठेवली तरी चालतात, कारण त्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. फोनचे काम यातून होणार नाही, पण छोट्या नोंदींचे होईल.

या नोंदी छोट्या असल्या तरी त्यांवर मोठे निर्णय ठरतात. राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचा मार्ग खुला होतो. हवामानावर आधारित फळपीक विमाही अशाच नोंदींवर चालतो. पिकाची नोंद सातबाऱ्यावर घेण्यासाठी २०२१ पासून ई-पीक पाहणीचा फोटोही शेतातूनच काढावा लागतो.

दुसऱ्या कंपनीचा टॉवर उपयोगी पडू शकतो का?

पडू शकतो, आणि ग्रामीण भागासाठी हा मार्ग मल्टि-टीआरपीपेक्षा जवळचा आहे. गावात एका कंपनीचा टॉवर बंद पडला तरी दुसऱ्या कंपनीचा सुरू असू शकतो. त्यांची जागा, बॅटरी आणि अनेकदा फायबरही वेगळे असते. एकाच परिमंडळात दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर सेवा घेण्याच्या सोयीला ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ म्हणतात. जून २०२३ मधील बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमध्ये ती लागू करण्यात आली होती. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर ही सोय सुरू केली. सुमारे २७ हजार टॉवर आणि ३५ हजारांहून अधिक गावे त्यात येतात. एरवी स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या टॉवरांवर ही सोय देणे कंपन्यांच्या आपसातील करारावर अवलंबून असते.

संपूर्ण राज्य, मुंबई वगळता, दूरसंचाराच्या एकाच परिमंडळात आहे. त्यामुळे जामखेडच्या सीमेवरील गावाला भूम, पाटोदा किंवा करमाळ्याकडचा टॉवर मिळण्यात जिल्ह्याच्या हद्दीचा अडसर नाही. फोनला जिल्ह्याची सीमा कळत नाही, फक्त सिग्नल कळतो. एकाच फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डे ठेवणे ही या तत्त्वाची घरगुती आवृत्ती आहे. मात्र दोन्ही कंपन्यांच्या अँटेना भाड्याने घेतलेल्या एकाच खांबावर असतील, तर वीज गेल्यावर दोन्ही सिम एकदम बंद पडू शकतात. आपत्कालीन ११२ क्रमांकासाठी वेगळी सोय आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी फोन उपलब्ध असलेल्या कोणत्याही टॉवरवरून हा कॉल लावू पाहतो.

आरोग्यसेवेत याचे महत्त्व जामखेडला वेगळे सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील महिलांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले आणि ‘जामखेड मॉडेल’ जगभर पोहोचले. प्रसूतीतील गुंतागुंत किंवा सर्पदंश अशा वेळी गावातून पुढे जाणारा पहिला निरोप फोनवरूनच जातो. तो पहिल्या प्रयत्नात पोहोचणे हे वेगवान इंटरनेटपेक्षा महत्त्वाचे ठरते.

ग्राहक आणि ग्रामपंचायतींच्या हाती काय आहे?

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘ट्राय’च्या नव्या सेवा दर्जा नियमांनुसार प्रत्येक कंपनीने २जी ते ५जी सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. गावाचा नकाशा पाहून प्रत्यक्ष अनुभवाशी ताडता येतो. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त काळ बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सवलत आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत देण्याची तरतूदही त्यात आहे. पण तिचे एकक जिल्हा आहे. बालाघाटच्या कुशीतील चार गावे तीन दिवस संपर्काबाहेर राहिली आणि अहिल्यानगर शहरात सेवा सुरळीत असली, तर हा नियम त्या गावांच्या कामी येत नाही.

तक्रार करताना अडचण नेमकी कुठे आहे हेही पाहायला हवे. एकाच जागी दोन कंपन्यांच्या सिमवर तेच अ‍ॅप अडत असेल आणि इतर संकेतस्थळे उघडत असतील, तर दोष बहुधा सर्व्हरचा आहे. तिथे टॉवर वाढवून उपयोग नाही. डाउनलोड होते पण अपलोड होत नसेल, तर फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचत नसण्याची शक्यता जास्त. उंच जागी गेल्यावर काम झाले तर ती खात्री पक्की होते.

पुढे काय पाहावे लागेल?

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात ग्रामपंचायतींचे फायबर सरळ रेषेऐवजी कड्याच्या रचनेत जोडण्याचे ठरले आहे. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने माहिती फिरून यावी, हा त्यामागचा हेतू. दोन ठिकाणांहून संदेश पाठवण्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त ते हवेऐवजी जमिनीखाली वापरले जाते. असे कडे पूर्ण झाले तर त्यावरचे टॉवर खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतील आणि मल्टि-टीआरपीसारख्या तंत्रालाही पाया मिळेल. कडे अर्धवट राहिले तर टॉवरवरील महागडे सॉफ्टवेअर फारसे काही बदलू शकणार नाही.

म्हणून नव्या टॉवरची मागणी करताना ग्रामसभांच्या ठरावात तीन प्रश्न असायला हवेत. या टॉवरची वीज शेजारच्या टॉवरपेक्षा वेगळ्या वाहिनीवरून येणार का? त्याचे फायबर वेगळ्या रस्त्याने येणार का? आणि वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालणार? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच गावाला दुसरा टॉवर मिळाला असे म्हणता येईल.